नवे स्पोर्ट टुरिंग टायर: नागपूरच्या रस्त्यांवर बसवण्यापासून पारखण्यापर्यंत

नागपुरातून कुठंही निघा, रस्ता सरळच जातो. वर्धा रोड घ्या, अमरावती रोड घ्या, नाहीतर मनसरकडे जाणारा जबलपूर हायवे. गाडी झोपवावी अशी वळणं मोजकीच. म्हणून इथल्या बहुतेक बाइकचा मागचा टायर कडांना अजून नवा असतो आणि मधोमध पार गोटा झालेला असतो. घाटात फिरणाऱ्यांचं ऐकून आपण मऊ रबराचे स्पोर्ट टायर टाकतो, ते मधूनच संपतात आणि कडांचं महाग रबर तसंच भंगारात जातं.

स्पोर्ट टुरिंग टायर हा यावरचा तोडगा. बऱ्याच मॉडेलांत मधल्या पट्ट्याला कडक रबर असतं, ते हायवेवर टिकतं. कडांना मऊ रबर असतं, ते वळणात धरतं. रबरात सिलिका असल्यामुळे ओल्या रस्त्यावर आणि थंड असतानाही पकड बरी राहते. रेसिंगच्या टायरची कमाल पकड इथं मिळत नाही. ती नागपुरात लागतही नाही.

पण टायर टाकला की पहिल्याच आठवड्यात लोक निकाल देऊन मोकळे होतात. "भाऊ, गाडी मक्खन झाली!" ते सुख बहुतेकदा नव्या टायरचं नसतं, जुना घासलेला टायर निघाल्याचं असतं. कुठल्याही कंपनीचा गोल टायर टाकला असता तरी गाडी मक्खनच वाटली असती. नव्या टायरची खरी पारख करायची तर थोडी पद्धत पाळावी लागते. ती पहिल्यांदा टायर बदलणाऱ्यांसाठी इथं क्रमाने लिहितो.

पहिलं काम जुन्या टायरवर

नवे टायर घेण्याच्या आठवडाभर आधी जुन्या टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा आणि नेहमीच्या रस्त्याने चालवा. हा आकडा चेनच्या कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, मॅन्युअलमध्येही असतो. पुढच्या टायरमध्ये पाच-सहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी असली तरी हँडल जड होतं आणि गाडी वळायला कुरकुरते. काहींचं दुखणं या आठवड्यातच बरं होतं आणि टायरचा खर्च वाचतो.

मग टायर नीट पाहा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत तळाला बारीक उंचवटा दिसतो. रबर घासून त्या उंचवट्याला टेकलं की टायर संपला. दुचाकीसाठी आपल्याकडे कायद्याने खाच किमान ०.८ मिलिमीटर लागते. मध्ये सपाट झालेल्या टायरवर गाडी आधी वळायला तयार होत नाही आणि कडेवर आली की एकदम पडल्यासारखी झुकते. हे वागणं लक्षात ठेवा, पुढे तुलनेला लागेल.

चाक हवेत उचलून दोन्ही बाजूंनी धरून हलवून बघा. खडखड आली तर बेअरिंग गेलं आहे. हँडल मधोमध अडकल्यासारखं होत असेल तर कोनसेटची, म्हणजे हँडलच्या बेअरिंगची, तक्रार आहे. ही दोन दुखणी तशीच ठेवून नवा टायर टाकला तर पुढे दोष टायरच्या माथी बसतो.

साइडवॉल वाचायला शिका

समजा टायरवर १५०/६० आर १७ ६६ एच असं लिहिलं आहे. १५० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेला टायर. १७ इंचांची रिम. ६६ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे त्या एका टायरवर ३०० किलो चालतात. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. व्ही असेल तर २४०, डब्ल्यू असेल तर २७०. निर्देशांक आणि वेगाचं अक्षर कंपनीच्या टायरपेक्षा वरचं चालतं, खालचं नाही.

नवख्यांचा सगळ्यात आवडता हट्ट म्हणजे रुंद टायर. "१५० आहे, १६० टाकून दे." गणित करून पाहू. १६०/६० च्या साइडवॉलची उंची ९६ मिलिमीटर येते, म्हणजे चाकाचा व्यास १२ मिलिमीटरने, जवळपास दोन टक्क्यांनी वाढतो. मागची बाजू सहा मिलिमीटर उचलली जाते, स्पीडोमीटरचा सेन्सर मागच्या चाकावर असेल तर वेग कमी दिसतो, चेन किंवा मडगार्डला टायर घासण्याची शक्यता वाढते. शिवाय १६० च्या टायरला साधारण साडेचार इंची रिम हवी. चार इंचाच्या रिमवर तो चिमटला जातो आणि त्याचा गोलवा बदलतो. म्हणजे कंपनीने अभ्यास करून काढलेल्या आकाराचे पैसे मोजायचे आणि तो आकारच बिघडवायचा. मागून गाडी दणकट दिसते, एवढाच फायदा. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा बदलताय तर मूळ मापच घ्या.

पुढचा आणि मागचा एकाच मॉडेलचे, एकाच वेळी बदला. खिसा परवानगी देत नसेल तर निदान एक रेडियल आणि एक साधा बायस (आतले धागे तिरके असलेला), अशी जोडी मिसळू नका. तारेच्या चाकांत ट्यूब असेल तर ट्यूबलेस टायर आत ट्यूब घालून बसवता येईल का, हे दुकानदाराला न विचारता टायर कंपनीच्या माहितीत बघा.

आता तारीख. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. विदर्भातल्या पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढलेला टायर मला कुणी सवलतीत दिला तरी नको. आयएसआय खूण आहे का तेही बघा, भारतात विकल्या जाणाऱ्या टायरला ती बंधनकारक आहे.

मिशेलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेत्झेलर रोडटेक, ब्रिजस्टोन बॅटलॅक्स टी ३२ ही या वर्गातली नावाजलेली परदेशी मंडळी. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून यांतलं नेमकं माप हवं तेव्हा मिळेलच असं नसतं. पुढचा मिळतो, मागचा येत नाही. त्यामुळे आगाऊ रक्कम देण्याआधी दोन्ही टायर समोर ठेवायला सांगा. देशी कंपन्याही आता यात उतरल्या आहेत. टीव्हीएस युरोग्रिपचा रोडहाउंड आहे, अपोलोच्या व्रेडेस्टाइन नावाखाली सेंटॉरो आहे. मात्र २५० ते ४०० सीसीच्या गाड्यांना सगळ्यांची मापं बसत नाहीत, आधी मापांचा तक्ता बघूनच मन लावा.

दुकानात उभे राहा, चहाला जाऊ नका

टायर बसवणाऱ्याकडे मशीन आहे ना, हे फोनवरच विचारा. रेडियलची रिमवर बसणारी कड ताठ असते. नुसत्या पान्याने आणि हातोडीने काढायला गेलं की अलॉयची कड खरवडते. मशीन असलं तरी रिमवर प्लास्टिकच्या पट्ट्या लावून काम करायला सांगा. चाक काढून फरशीवर ठेवताना डिस्क खाली येऊ देऊ नका. डिस्क वाकली तर ब्रेक दाबताना लिव्हर थरथरतो आणि मग ती थरथर तुम्ही नव्या टायरमध्ये शोधत बसता.

साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. चाक गाडीवर चढण्याआधी तो स्वतः तपासा. कामाच्या गर्दीत टायर उलटा बसतो आणि घरी गेल्यावर लक्षात येतं. पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग असतो, तो वॉल्व्हपाशी यायला हवा. वॉल्व्ह नवाच टाका. रबराचा वॉल्व्ह उन्हाने तडकतो, आणि दहा-वीस हजारांच्या टायरसोबत जुना वॉल्व्ह ठेवण्यात काही शहाणपण नाही.

हवा भरताना टायरची कड रिमवर बसते तेव्हा 'ठप' असा आवाज दोनदा येतो, एकेका बाजूचा. त्यानंतर रिमला लागून साइडवॉलवर एक बारीक गोल रेघ दिसते ती बोटाने फिरून बघा. सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर हवी. एका ठिकाणी आत गेलेली असेल तर कड पूर्ण बसलेली नाही. हवा सोडून, पुन्हा साबण लावून परत भरायला लावा. मग बॅलन्सिंग. पुढच्या चाकाचं तर कराच. चिकटवायच्या वजनाआधी रिम पुसली नाही तर ती पट्टी पहिल्या पावसात सुटते.

मागचं चाक परत चढताना चेनचा ढिलेपणा आणि स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळतात का ते बघा. एक्सलचा नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर आणि त्याची वायर जागेवर आहे का, हेही तिथंच. आणि गाडीवर बसल्यावर हलण्याआधी दोन्ही ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. चाक काढताना पॅड मागे सरकलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. दुकानाच्या दारातून थेट वाहतुकीत शिरणाऱ्याला हे चौकात कळू नये.

शेवटी दुकानातला पोरगा हौसेने पॉलिशचा स्प्रे घेऊन येईल. त्याला नम्रपणे थांबवा. रस्त्याला लागणाऱ्या रबरावर पॉलिश म्हणजे स्वतःच्या हाताने तेल ओतणं.

हवा: नागपुरात अर्धा खेळ इथंच

"हवा चाळीस-चाळीस मारून देऊ का, भाऊ?" हा प्रश्न हमखास येतो. नको म्हणा. स्टिकरवरचा आकडा सांगा. गाडी तीच, वजन तेच असेल आणि माप मूळचं असेल तर सुरुवात त्याच आकड्यापासून करायची. साइडवॉलवर लिहिलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नसतो.

हा आकडा थंड टायरचा असतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात थंड टायर सापडणं ही वेगळीच कसरत. उन्हात उभ्या गाडीचा एका बाजूचा टायर भाजून निघालेला असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. म्हणून हवा पहाटे, सावलीत, गाडी चालवण्याआधी मोजा. यासाठी स्वतःचा गेज घ्या. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत, तुमचा गेज थोडा चुकीचा असला तरी निदान रोज सारखाच चुकतो.

पंप घरापासून तीन-चार किलोमीटरवर असेल तर तिथं पोचेपर्यंत टायर तापतो. त्यावर सोपा उपाय आहे. घरी मोजा. ३३ हवी आणि ३० दिसते, म्हणजे तीन कमी. पंपावर गेज काहीही दाखवो, जे दाखवेल त्यात तीन वाढवा. घरी आल्यावर टायर थंड झाला की बरोबर ३३ भरते. तापलेल्या टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा काढणं हा उलटा धंदा आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी भरलेला निघतो.

मेमध्ये पहाटे ३० अंश असतं, जानेवारीत दहाच्या आसपास. कुठंही गळती नसताना तीनेक पीएसआय नुसत्या ऋतूने कमी होतात. दिवाळी उलटली की हवा पुन्हा मोजायची ती यासाठी. नायट्रोजन भरला म्हणून हे टळत नाही, तोही वायूच आहे.

हवा योग्य आहे का, हे टायरलाच विचारता येतं. थंड असताना मोजा, हायवेवर तासभर चालवा, थांबल्याबरोबर लगेच मोजा. वाढ दहा टक्क्यांच्या आसपास असावी, म्हणजे ३३ चे ३६. बरीच जास्त वाढली तर सुरुवातीची हवा त्या वजनाला कमी पडते आहे, टायर वाकून वाकून तापतो आहे. जेमतेम एकाने वाढली तर टायर फार कडक आहे. हा अंदाजाचा नियम आहे, पण एकट्याने आणि मागे कुणाला बसवून अशा दोन्ही नोंदी केल्या की गाडीचं गणित कळतं. बदल करायचा तर एका वेळी एक-दोन पीएसआयचाच, आणि त्याच वेळी सस्पेन्शनला हात लावायचा नाही.

पहिले दीडशे किलोमीटर

नव्या रबरावर गुळगुळीत चकाकी असते, ती घासून जाईपर्यंत पकड पुरती येत नाही. टायर बसवताना लावलेलं साबणाचं पाणी रिमच्या कडेत सुकायलाही दिवसभर लागतो, तोवर जोरात गॅस किंवा ब्रेक दिला तर टायर रिमवर सरकू शकतो. सँडपेपर, पेट्रोलचा बोळा, असले उपाय करू नका. साधं चालवणं पुरेसं आहे, साधारण दीडशे किलोमीटर.

नव्या टायरवर दुचाकी घसरते ती दुकानाबाहेरच्या पहिल्याच वळणावर. नागपुरात त्यात एक भर आहे: सिमेंट रस्ता संपतो तिथं कडेला गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) लागतात आणि दोहोंमध्ये उंचीचा फरक असतो. ती कड तिरकी ओलांडू नका, शक्य तितकी काटकोनात घ्या. पहिल्या दिवशी वेगही हळूहळू वाढवा आणि झुकणंही. सिग्नल मोकळा मिळाला की डावी-उजवीकडे नागमोडी चालवून टायर तापवणारे दिसतील. त्याने टायर फारसा तापत नाही, मागचा गाडीवाला मात्र तापतो. सरळ रस्त्यावर हळुवार ब्रेक आणि हळुवार गॅस, यानेच रबरात ऊब येते. जानेवारीच्या सकाळी पहिले आठ-दहा किलोमीटर सबुरीनेच घ्या.

कडांना न घासलेली पट्टी राहिली तर राहू दे. इथल्या रस्त्यांवर ती जाणारही नाही, आणि ती घालवण्यासाठी चौकाचौकात गाडी झोपवणं हा मूर्खपणा आहे.

कोरड्या रस्त्यावर पारख

एकच रस्ता ठरवा आणि प्रत्येक वेळी तोच चालवा. मी मनसर मार्गे रामटेक सुचवेन. जाणं साधारण पन्नास किलोमीटर, त्यात शहरातलं सिमेंट, हायवेचा सरळ पट्टा आणि शेवटी गडाची छोटी चढण, सगळं एकाच फेरीत येतं. समृद्धीचा विचार करू नका, तिथं दुचाकीला बंदी आहे. रामटेकला सकाळी लवकर जा. गडाच्या रस्त्यावर भाविक असतात, माकडं असतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या गर्दीत तर फिरकूच नका.

सिमेंटवर लक्ष द्या तो आवाज आणि हँडलची हालचाल. रस्त्यावर खाचा कोरलेल्या असतात, काही टायरांची नक्षी त्यात अडकल्यासारखी होऊन हँडल किंचित नाचतं. एका मर्यादेत ते चालतं. हायवेवर ८० च्या आसपास, ट्रकच्या बाजूने जाताना हवेचा धक्का बसल्यावर गाडी किती लवकर सरळ होते ते बघा. हात सोडून चाचणी करायची नाही. एका ठरावीक वेगाला हँडल फडफडत असेल तर बॅलन्सिंग परत करून घ्या. मागे-पुढे कुणी नसलेल्या सरळ पट्ट्यात ५० वरून आधी हलका, मग जरा जोराचा ब्रेक लावा. एबीएस कधी खटखट करतो ते पायाला आणि बोटांना कळतं.

गडाच्या वळणांवर वेग वाढवायचा नाही, उलट नेहमीपेक्षा कमीच ठेवा. बघायचं ते हे, की गाडी कलायला सुरुवात करते तिथपासून वळण संपेपर्यंत हँडलवर लागणारा जोर सारखा राहतो का. नवा टायर जुन्यापेक्षा पटकन कलतो, दोन-तीन वळणांत सवय होते. पण गाडी अजूनही आत-आत पडत राहिली किंवा ब्रेक धरताच उभी राहायला लागली, तर आधी पुढची हवा मोजा. बहुतेक वेळा तक्रार तिथंच सापडते. खाली उतरल्यावर गरम टायरची हवा मोजून लिहून ठेवा, मग तर्री पोहे.

पावसात खरी परीक्षा

नागपुरात पाऊस जूनच्या मध्याला येतो, आणि पहिल्या सरीत रस्त्यावर महिनोन् महिने साचलेलं तेल आणि धूळ वर येते. त्या अर्ध्या तासात कुठल्याच टायरची परीक्षा घेऊ नका. चांगला पाऊस होऊन रस्ता धुतला गेला की मोकळ्या सरळ रस्त्यावर ३०-४० च्या वेगाला ब्रेक लावून बघा. इथं जुन्या आणि नव्या टायरमधला फरक कोरड्यापेक्षा कितीतरी स्पष्ट जाणवतो. स्पोर्ट टुरिंगला जादा पैसे मोजले ते याच दिवसांसाठी.

तरी काही जागा टायरच्या हाताबाहेर आहेत. उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे, झेब्राचे जाड पट्टे, गटारांची झाकणं, बस वळतात त्या चौकांतलं डिझेल. आणि शहराबाहेर काळी माती. पेरणीच्या दिवसांत उमरेड रोड असो की काटोल रोड, शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांची माती डांबरावर सोडत जातो. ती भिजली की साबणाचा थर. नक्षीत ती भरली की टायर क्षणात गोटा, मग तो कितीही महागाचा असो. असा तपकिरी-काळा पट्टा दिसला की त्याच्या आधीच वेग कमी करा, पट्ट्यात ब्रेकही नको आणि झुकणंही नको. चिखलदऱ्याचा ओला घाट करायचा तर या सगळ्याची सवय झाल्यावर, पहिल्या पावसातच नाही.

दोन हजार किलोमीटरनंतर

आता निकाल द्यायला हरकत नाही. खोली मोजायचा छोटा गेज मिळतो. मागच्या टायरच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना मोजून लिहा. उदाहरणार्थ, नवा असताना मध्ये ६ मिलिमीटर होतं आणि दोन हजार किलोमीटरनंतर ५.४ उरलं, तर हजाराला ०.३ गेलं. ०.८ पर्यंत जायला आणखी साधारण पंधरा हजार. पण मी दीड मिलिमीटरलाच थांबतो, कारण त्याखाली पावसात पाणी बाहेर काढायला खाच उरत नाही. त्या हिशेबाने तेरा हजार. मधला भाग बाजूंपेक्षा फारच भराभर जात असेल तर हवा सतत जास्त आहे का ते तपासा. नसेल तर दोष टायरचा नाही, वर्धा रोडचा आहे.

मागचा टायर पुढच्याच्या बराच आधी संपतो. तेव्हा पुढचा चांगला असेल आणि त्याला पाच वर्षं झालेली नसतील, तर त्याच मॉडेलचा मागचा तेवढा टाका. मे महिन्यात खाच दोन मिलिमीटरच्या आसपास आली असेल आणि "पावसाळा काढून घेऊ" असं वाटत असेल, तर तसं करू नका. जूनच्या आधी बदला, म्हणजे पाऊस येईपर्यंत ते दीडशे किलोमीटर कोरड्यात होऊन जातात.